मानशीचं दार

माझा बाप कुंभारजुव्याच्या खाजनात मानस राखायचा.
भरतीला दार आपणहून मिटायचं,
ओहोटीला आपणहून उघडायचं.
तरी तो अपरात्री उठून जायचा, कंदील घेऊन,
दाराला हात लावून बघायचा.
विचारलं तर म्हणायचा,
लाकूड आहे बाबा, विसरतं कधी कधी.

हे आठवलं फोंड्याच्या इस्पितळात,
चौथ्या खाटेवर, मंगळवारी,
सुया काढून झाल्यावर.
इतरांना दहा मिनिटं लागतात.
कापूस दाबतात, पट्टी मारतात, चहा पिऊन जातात.
माझं रक्त थांबत नाही.
सुलक्षा अंगठ्यानं दाबून बसते
भिंतीवरच्या घड्याळाकडे तोंड करून,
आणि साडेबाराची कदंब सुटते,
मग एकचीही.
ग्लेंडा सिस्टर कापूस जरासा उचलून बघते,
"आनी थोडें," म्हणते,
पुन्हा ठेवते.

डॉक्टरांना विचारलं, रक्त पातळ झालंय का?
केप्याचे आहेत, तरुण, उगाच घाई करत नाहीत.
पातळ नाही हो, म्हणाले,
गोठवणाऱ्या पेशी मोजल्या तर पुरेशा आहेत.
पण मूत्रपिंडानं जे बाहेर टाकायचं ते आतच साचतं,
त्या मळीत त्या बधिरतात.
जखम दिसते, पण
एकमेकींना धरायचं त्यांना सुचत नाही.

मला बांध दिसला.
कुर्ल्यांनी पोखरून खिंडार पडलं की हाक जायची,
आणि माणसं यायची चिखल घेऊन, पेंढा घेऊन,
कमरेइतक्या पाण्यात एकमेकांच्या पाठीला पाठ लावून उभी राहायची.
गावात माणसं आजही तेवढीच आहेत. जास्तच.
बांध फुटला की व्हिडिओ काढतात.

चवथीच्या आधी दाढ काढली होती.
रात्रभर तोंडात मिठासारखं, लोखंडासारखं.
तीन टॉवेल गेले.
सकाळी सुलक्षानं ते धुऊन दोरीवर घातले,
डाग गेले नव्हते,
तर शेजारीण कुंपणावरून विचारते,
कोंबडी कापली की काय गो, चवथीच्या तोंडावर?
आम्ही दोघं हसलो. मी हसलो आणि पुन्हा सुरू झालं.

डाव्या मनगटावर शीर आणि धमनी जोडून दिली होती,
मशीनची वाट.
आत रात्रंदिवस घरघर,
फणसाच्या ढोलीत मधमाश्या असाव्यात तशी.
सुलक्षा झोपण्याआधी तिथं कान लावायची.
माझ्या छातीला तिनं कधी लावला नव्हता.

नोव्हेंबरात एका पहाटे तिनं कान लावला,
मग दुसरा लावला.
"वाजना," म्हणाली.

बांबोळीला नेलं. गुठळी.
ज्या रक्ताला सुईएवढं भोक बुजवता येत नव्हतं
त्यानं एका रात्रीत अख्खी वाट बुजवली.
मी चिडून विचारलं, हे कसलं रक्त?
डॉक्टर म्हणाले, दोन्ही होतं, याच आजारात.
औषध जास्त झालं तर वाहतं, कमी झालं तर अडतं.
आम्हीसुद्धा चाचपडतच असतो.

चाचपडत.
एका वर्षी माडाचा ओंडका अडकून मानस उघडेना,
पाणी शेतात कुजत राहिलं,
आणि पलीकडे बांध गळतच होता.
बाप छातीइतक्या पाण्यात उतरून
दोन्ही हातांनी ओंडका शोधत होता, डोळे मिटून.
मी काठावर कंदील धरून उभा.
त्यानं मला काही सांगितलं नाही,
फक्त एकदा म्हणाला, उजेड हलवू नको.

आता उजव्या मनगटावर नवी वाट आहे.
शर्टाच्या उजव्या बाहीला सुलक्षानं बटणं लावलीत,
खांद्यापर्यंत उघडते.
पाणी दिवसाला पाऊण लिटर.
आजचं दुपारीच संपलं,
बाटलीच्या झाकणात दोन घोट राखलेत.

ती झोपलीय. कुशीवर वळते,
बोटं मात्र मनगट सोडत नाहीत.
दूर खाजनात दार आपटतं,
हल्ली ते लोखंडाचं आहे.
आवाजावरून कळत नाही
मिटलं की उघडलं.